ब्रेक लागलाच नाही

पुणे
२ जानेवारी २००६

धम्मरत्नदादा, नमस्कार.

गॅरेजवर दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा करावासा वाटेना, म्हणून लिहिते आहे.

बाबांना मी वीस डिसेंबरला पुण्याला घेऊन आले. कपाळावरची खोक भरत आली आहे. जेवतात, पेपर वाचतात, पण बोलत नाहीत. दिग्रसच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. त्यातलं एक रोज तेच असतं: "पाय दाबला, ब्रेक लागलाच नाही."

त्या दिवशी तुम्ही धावत तिथं पोचला होतात असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मला ऐकून ठाऊक आहे ते एवढंच, की कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग होती, बाबांची फियाट वळणावरून आली आणि थांबली नाही. शेवटच्या बंडीवर आदळली. बंडी उलटली ती तिच्या सावलीत बसलेल्या बाईच्या पायावर.

ऑक्टोबरमध्ये ब्रेकचं काम तुम्हीच केलं होतंत. पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या, मागचे ड्रम खोलले. बाबांनी तेव्हा कौतुकानं फोन केला होता: "बेचाळीस वर्षांची म्हातारी आता नव्या नवरीसारखी थांबते." दोन महिन्यांत ती थांबेनाशी कशी झाली?

मी भांडायला लिहीत नाही, दादा. याच गाडीवर आर्णी रोडला तुम्ही मला चालवायला शिकवलंत. पण आरटीओच्या साहेबांनी 'ब्रेक निकामी, तेल नाही' असं लिहून दिलं आहे. काही राहून गेलं का? एखादा नट, एखादं रबर? बाबा तुमच्याविरुद्ध तक्रार करणार नाहीत. ते म्हणतात, "धम्मरत्नचा हात चुकला असेल. माणूसच आहे."

त्या बाईंचं काय झालं, तेही कळवा.

सुचित्रा


दिग्रस
९ जानेवारी २००६

सुचित्राताईंना सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. फोन मी मुद्दामच उचलला नाही. फोनवरचं बोलणं हवेत जाते, मग कोण काय बोललं याचा पत्ता लागत नाही. कागदावरचं राहते. म्हणून लिहूनच सांगतो.

आधी त्या बाईंचं. नाव लालीबाई राठोड. आर्णी रोडच्या तांड्यावरच्या. तीन दिवस रांगेत बंडी लावून बसल्या होत्या, नवरा हरिसिंग भाकरी आणायला गेला होता. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेस त्यांनी तोंड फिरवून घेतलं. बंडीतला कापूस रक्तानं भिजला होता. रांगेतल्या शेजारच्या बंडीवाल्यानं, उकंडानं, भिजलेला वेगळा काढला आणि बाकीचा आपल्या बंडीत भरून मोजून दिला. नाहीतर तोही गेला असता.

आता ब्रेकचं. मागचे ड्रम निघतच नव्हते, आत गंजाची कड धरली होती. लाकडी हातोडीनं चहूकडून ठोकत अर्धा दिवस घातला. मग ते लेथवर घासून गोल केले, ब्रेकच्या शूला नवे लायनर लावले, व्हील सिलिंडरची सगळी रबरं बदलली. पुढच्या डिस्क नागपूरच्या भंगारातून, एका नव्या गाडीच्या आणल्या. नुसत्या डिस्कला ड्रमपेक्षा पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टरही बसवला. बूस्टर म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारा डबा. माणसानं चार आणे दाबलं की बाकीचे बारा आणे तो दाबते. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवाही काढली. त्याला दोन माणसं लागतात, एक चाकाशी नट सैल करायला आणि एक पॅडल दाबायला. पॅडलवर वकीलसाहेब स्वतः बसले होते.

पोलिसांनी मला दोनदा बोलावलं. शाळेच्या जीपचं काम माझ्याकडे होतं, ते गेलं. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, गाडी दुसरीकडे लावतात.

एक मागणं आहे. गाडी पोलिसांनी सोडली आहे, ती तुमच्या वाड्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. मालकाच्या सहीशिवाय मी तिला हात लावणार नाही. साहेबांकडून लिहून पाठवा, की आरटीओच्या निरीक्षकांसमोर चारही ब्रेक उघडायला हरकत नाही. दर महिन्याला त्यांचा इथं कॅम्प असतो. माझी चूक निघाली तर त्यांच्यासमोरच निघू द्या.

साहेबांची तब्येत कशी आहे? पाय कसे आहेत त्यांचे?

आपला
धम्मरत्न मनवर


पुणे
१८ जानेवारी २००६

धम्मरत्नदादा, नमस्कार.

सोबत बाबांच्या सहीचं पत्र आहे. सही मिळवायला चार दिवस लागले. "कशाला उघडता? केस मिटून जाईल, माणसाची अब्रू उघडी पडते," म्हणत होते. मला वाटतं, त्यांना तुमचीच काळजी आहे. शेवटी माझ्या हट्टाखातर सही केली, चष्मा न लावता.

तुम्ही पायांबद्दल विचारलंत. पायाला त्या दिवशी काही लागलं नाही, देवाची कृपा. मधुमेह जुनाच आहे. परवा मात्र गरम पाण्याच्या पिशवीनं तळवा चांगलाच पोळला. मोठा फोड आला, तो मी पाहिला तेव्हा त्यांना कळलं. म्हातारपणी माणूस असंच अंगाकडे दुर्लक्ष करतो. गोळ्यासुद्धा मीच मोजून देते.

लालीबाईंबद्दल वाचलं त्या दिवशी बँकेत कामात लक्ष लागलं नाही. मी काय करू शकते ते कळवा. नुसते पैसे पाठवणं बरं दिसेल का, तेही कळत नाही.

गाडी उघडल्यावर जे निघेल ते सरळ लिहा.

सुचित्रा


दिग्रस
५ फेब्रुवारी २००६

सुचित्राताईंना जय भीम.

तुम्ही सरळ लिहा म्हणालात, म्हणून सरळच लिहितो.

गुरुवारी निरीक्षक साहेब आले. पोलिसांचा एक माणूस होता आणि उकंडाही आला होता. मी म्हटलं, "साहेब, तुमी सांगा, कोनतं चाक आधी." त्यांनी मागचं उजवं सांगितलं. ड्रम काढला, आत कोरडा. लायनर जसेच्या तसे, रबरातून तेलाचा एक थेंब नाही. मागचं डावं तसंच. पुढची उजवी डिस्क आरशासारखी, पॅड जाड.

पुढचं डावं चाक बंडीवर आदळलं होतं. तिथली तेलाची रबरी नळी फाटली होती आणि सगळं तेल तिथूनच गेलं होतं. निरीक्षकांनी ती नळी हातात घेतली, भिंग लावलं. फाटलेल्या जागेत बंडीच्या चाकाच्या आखाचं काळं वंगण आत घुसलेलं होतं. म्हणजे आख घुसला तेव्हा नळी फाटली. अपघाताच्या दिवशी तेलाचा डाग पडला होता तोही बंडीखालच्या मातीतच, मागं रस्त्यावर कुठंच नव्हता. ते मी आणि उकंडानं दोघांनी पाहिलं होतं.

मी नवीन नळी लावली, तेल भरलं, हवा काढली. निरीक्षकांनी स्वतः गाडी आर्णी रोडला नेली, चाळीसच्या वेगात पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. परत येऊन त्यांनी लिहिलं: 'नळी अपघातात तुटली. अपघातापूर्वी ब्रेक कार्यक्षम असावेत.'

मग पोलिसांच्या माणसानं उकंडाला विचारलं, तू काय पाहिलं. तो म्हणाला, "पाह्यलं कमी, आयकलं जास्त. गाडी आरडत आली साहेब. वळनावर धीमी होती, आमच्याजवळ आली अन् एकदम रेस झाली. ब्रेक मारलेली गाडी अशी आरडते का?"

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात पुसत राहिलो.

ब्रेक चांगले होते, ताई. गाडी का थांबली नाही ते मी लिहीत नाही. तुम्ही साहेबांना विचारा.

धम्मरत्न


पुणे
१२ फेब्रुवारी २००६

धम्मरत्नदादा,

तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहिल्यासारखंच आहे. माझे वडील खोटं बोलतात, असं तुम्हाला म्हणायचं आहे. एका बाईचा पाय गेला आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस स्वतःला वाचवायला तुमच्या नावावर ढकलतो आहे, असंच ना?

उकंडा त्या बाईंच्या शेजारच्या बंडीवाला. तो त्यांच्या बाजूनंच बोलणार. आणि निरीक्षकांनी 'असावेत' लिहिलं आहे, 'होते' नाही. बाबांनी हा शब्द वाचला आणि बोट ठेवून मला दाखवला.

तुम्हाला आठवण करून द्यायला नको होती, पण आज राहवत नाही. गॅरेजची जागा तुमच्या हातून जात होती तेव्हा बाबा तुमच्यासाठी सहा वर्षं कोर्टात उभे राहिले. तुमच्या लग्नाला ते आई आणि मला घेऊन आले होते, आणि त्या वेळी आमच्या आळीतल्या कोणकोणत्या घरांनी आमच्याकडे येणं थांबवलं तेही तुम्हाला माहीत आहे. अशा माणसाबद्दल तुम्ही पोलिसांसमोर गप्प उभे राहिलात. तुमचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

सुचित्रा


दिग्रस
२० फेब्रुवारी २००६

सुचित्राताईंना जय भीम.

पत्र वाचून दोन दिवस ठेवून दिलं. माझी बायको कांताबाई म्हणाली, "उत्तर द्या. राग आला म्हनून गप बसाल त त्याइले वाटन का आपलंच चुकलं."

साहेब सहा वर्षं माझ्यासाठी उभे राहिले, हे खरं. जेवायला आमच्या पंगतीत बसले, हेही खरं. मी ते विसरलो नाही आणि विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात माझं नाव मागू नका. लोहाराचं, सुताराचं, मिस्त्रीचं नाव म्हणजे त्याच्या हातचं काम. ते गेलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही.

मी गप्प राहिलो हे तुम्हाला लागलं. लागायलाच पाहिजे. का राहिलो ते आता सांगतो.

ऑक्टोबरात हवा काढताना साहेब पॅडलवर बसले होते. मी चाकाखालून म्हणायचो, "दाबा." ते दाबायचे. मी म्हणायचो, "सोडा." ते म्हणायचे, "सोडला." आणि पॅडल खालीच असायचं. एकदा झालं, मला वाटलं ऐकू आलं नसेल. पाच वेळा झालं. मी बाहेर निघून पाहिलं, तर ते समोर बघत, "सोडला ना," म्हणत होते आणि पाय तसाच पॅडलवर रुतून होता.

मी विचारलं, "साहेब, पायाले काय झालं?"

म्हणाले, "तळव्याखाली कोणी कापूस ठेवल्यासारखं वाटतं. वर्ष झालं."

"मंग गाडी काहून चालवता?"

"गाडी बंद केली तर मी घरात बसून मरेन, धम्मरत्न. सुचित्राला यातलं एक अक्षर सांगितलंस तर माझं तोंड पाहू नकोस."

मी त्यांना उतरवलं, कांताबाईला बोलावून पॅडलवर बसवलं आणि हवा काढून घेतली. डिस्क तर त्यांनीच सांगितल्या होत्या. बूस्टर त्यांनी सांगितला नव्हता. तो मी त्या दिवसानंतर माझ्या मनानं बसवला. म्हटलं, पायात जोर नाही तर गाडीत घालू. पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हेच ज्याला कळत नाही, त्याला बूस्टर काय करणार? हे मला कळायला पाहिजे होतं. कळतही होतं. काम संपलं तेव्हा किल्ली माझ्या हातात होती. 'देत नाही,' एवढं म्हणायचं होतं. मी ती पुसून त्यांच्या हातात ठेवली.

माझा हात चुकला नाही, ताई. पण मी चुकलो. दवाखान्यात लालीबाईंनी तोंड फिरवलं तेव्हा मला ते बरोबरच वाटलं.

हे सगळं मी पोलिसांत लिहून देणार आहे, माझ्या चुकीसकट. होळीपर्यंत थांबतो. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्याआधी मी बोललो तर तो एका मिस्त्रीनं केलेला आरोप होईल. ते बोलले तर ते त्यांचं राहील.

धम्मरत्न


पुणे
१० मार्च २००६

धम्मरत्नदादा,

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. मग आठ दिवस कपाटात ठेवलं. मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते गॅलरीत बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "संपलं?" मी "हो" म्हटलं. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक दोरा घेऊन तळव्याला जागोजागी टेकवला. "लागलं की 'हो' म्हणा," म्हणाले. त्यांनी दहा ठिकाणी दोरा लावला. बाबा एकदाच "हो" म्हणाले, आणि तेव्हा दोरा डॉक्टरांच्या हातात वर होता, पायाला लागलेलाच नव्हता. मी तिथंच रडले. बाबांनी डोळे उघडून विचारलं, "किती बरोबर आले?"

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "दिवाळीत तू आली होतीस तेव्हा मी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. तू हसलीस." खरं आहे, दादा. मी हसले होते. 'बाबा, आता ड्रायव्हर ठेवा,' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली. चष्म्याचा नंबर विचारला नाही, पाय पाहिला नाही. तुम्ही किल्ली दिलीत म्हणता. माझ्या हातात तर ती चार दिवस होती.

मागच्या पत्रात मी तुमच्या लग्नाचं आणि जागेचं काढलं. ते लिहायला नको होतं. माफ करा, एवढंच म्हणू शकते.

बाबा तिकडे यायचं म्हणतात. बँकेत मार्चअखेर आहे, मला रजा नाही. थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत. माझा मुलगा अनिमेष त्यांना रविवारी बसमध्ये बसवून देईल. ज्या माणसावर आम्ही बोट ठेवलं त्यालाच सांगते आहे याची लाज वाटते, पण दिग्रसला दुसरं कोणी नाही: स्टँडवर त्यांना उतरवून घ्या. पायरी त्यांना कळत नाही.

खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत.

सुचित्रा

चि. धम्मरत्न, पाय कुठे होता हे मला कळले नाही, हे सत्य आहे. परंतु इंजिनचा आवाज मला ऐकू आला होता. उकंडाच्या आधी मी तो ऐकला. गाडीतून उतरण्याच्या आत मी ते वाक्य तयार केले आणि जो पहिला माणूस भेटला त्याला सांगितले. साक्षीत काय बोलावे हे चाळीस वर्षे लोकांना शिकवले, त्या दिवशी स्वतःला शिकवले. सोमवारी पोहोचतो.
वा. ग. मुळावकर


दिग्रस
२८ मार्च २००६

सुचित्राताईंना जय भीम.

साहेब खुशाल आहेत. फोनवर ते तुम्हाला 'ठीक आहे' याच्या पलीकडे काही सांगत नाहीत असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहितो.

सोमवारी स्टँडवर मी त्यांना हात धरून उतरवलं. त्यांनी हात सोडला नाही आणि घरी चल असंही म्हणाले नाहीत. "आधी ठाण्यात," म्हणाले. तिथं त्यांनी स्वतःचा जबाब स्वतःच सांगितला, तारखेसकट, लायसन्स टेबलावर ठेवून. लिहिणारा शिपाई मध्येच थांबला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, हे असं लिहू का? तुमच्याच अंगावर येते." ते म्हणाले, "मी सांगतो तसं लिही. शब्द बदलू नकोस." त्यानंतर मी माझा जबाब दिला, किल्लीसकट.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. लालीबाई दारात बाजेवर बसून होत्या. साहेब उभ्यानंच बोलले: "बाई, ब्रेक चांगले होते. माझा पाय चुकला आणि मी खोटं सांगितलं."

त्यांनी साहेबांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाय त माहा गेला. तुमी खरं बोलले म्हनून तो येनार हाय का?"

साहेब म्हणाले, "नाही."

"तीन मैने झाले, सारे मलेच म्हनून राह्यले. बाई रस्त्यात कायले बसली होती? बंडीच्या पलीकडून काहून नाही बसली? माहा हरिसिंगबी म्हने. मी बी म्हनो मनात, का माहंच चुकलं असन." त्यांचा आवाज चढला. "आता मले एकटीले नोका सांगू. साऱ्याइले सांगा."

हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, ताई. आपण तिघं माझं नाव, साहेबांची अब्रू, तुमचा विश्वास हेच धरून बसलो होतो. लालीबाई बाजेवर पडून स्वतःलाच दोष देत होत्या.

हरिसिंगनं जाऊन तांड्याच्या नाईकाला सांगितलं. संध्याकाळी लोक शेतातून परत आले तेव्हा लिंबाखाली सगळे जमले. साहेबांनी तिथं उभं राहून परत तेच सांगितलं. ही बाई आपल्या जागी बसली होती, रस्ता सोडून बसली होती, तिची चूक नाही. मागं कोणी तरी ऐकू आलं नाही म्हणालं, तेव्हा पुन्हा एकदा सांगितलं. कोणी त्यांना शिवी दिली नाही, कोणी पाणीही विचारलं नाही. हरिसिंग खाली मान घालून उभा होता. बाई एवढंच म्हणाल्या, "आयकलं ना साऱ्याइनं?"

साहेब आता तुमच्या वाड्यातच राहतात. कांताबाई डबा देते. गाडीच्या चारही चाकांखाली त्यांनी मला दगड लावायला सांगितले, लावले.

धम्मरत्न


पुणे
२२ मे २००६

धम्मरत्नदादा,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. लालीबाईंसाठी नवा पाय बसवायचा तर त्याची चौकशी मी केली आहे, कागद सोबत आहेत. यवतमाळला माप घेतात.

बाबांची तारीख नऊ जूनला आहे ना? वकील कोण दिला आहे? मी विचारलं की ते विषय बदलतात. चांगला माणूस हवा. त्यांचं वय आहे, आजार आहे, कोर्ट नक्की विचार करील. मी येऊ का? खरं सांगा.

सुचित्रा


दिग्रस
११ जून २००६

सुचित्राताईंना जय भीम.

'तिला येऊ देऊ नकोस,' असं साहेबांनी मला बजावलं होतं, म्हणून त्या पत्राचं उत्तर दिलं नाही. आता सगळं सांगतो.

वकील दिलाच नव्हता. तीन-चार तरुण वकील घरी येऊन गेले, फुकट उभे राहतो म्हणाले. आजाराचा कागद लावा, सुटाल, असंही एक जण म्हणाला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

नऊ तारखेला मी त्यांना घेऊन गेलो. कोर्टाच्या आवारात सगळे उठून उभे राहिले, सवयीनं. पुकारा झाला: "वामन गंगाधर मुळावकर." साहेब उठले आणि चालत पुढे गेले, सरळ वकिलांच्या टेबलाकडे. चाळीस वर्षांची वाट ती, पाय आपोआप तिकडेच गेले. टेबलाला हात लागला तेव्हा ते थांबले. कोणी हसलं नाही. ते वळले आणि आरोपीच्या पिंजऱ्याकडे निघाले. तिथं एक पायरी आहे. मी धावत गेलो, त्यांनी माझा दंड धरला आणि चढले.

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे."

"वयाबद्दल, प्रकृतीबद्दल काही सांगायचं आहे?"

साहेब म्हणाले, "नाही. प्रकृती मला माहीत होती. म्हणूनच कबूल आहे."

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. म्हणजे दिवसभर तिथंच बसायचं. ते मागच्या बाकावर बसले, माझ्या शेजारी. दुसऱ्यांच्या केसेस चालल्या होत्या. एका वकिलाचं चुकत होतं तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण बोलले नाहीत. मी म्हटलं, "साहेब, पाणी आणू?" म्हणाले, "मी कैदेत आहे, तू नाहीस. तू जा, गॅरेज उघड." मी गेलो नाही. कोर्ट उठलं तेव्हा पाच वाजून गेले होते.

काल लालीबाईंचं माप द्यायला यवतमाळला जायचं होतं. हरिसिंगची पेरणीची गडबड. साहेब म्हणाले, "मी जातो बाईंसोबत. कागद वाचायला कोणी तरी हवं." मी लालीबाईंना विचारलं, साहेब सोबत आले तर चालते का. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येऊ द्या."

स्टँडवर मी आधी बाईंना चढवलं, मग साहेबांना. गर्दी होती, एकच बाक रिकामा होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, खिडकीजवळची जागा स्वतः घेतली आणि कुबडी मधे उभी केली. साहेब कडेला बसले. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी खालून पाहिलं, साहेबांनी एका हातानं समोरचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं ती कुबडी, पडू नये म्हणून.

आपला
धम्मरत्न